बॉनेटवरचा गोवर

हॉटेलच्या गाड्यांचं काम बघणारा मॅनेजर काळ्या गाडीभोवती सावकाश फिरला. दारं उघडून पाहिली, मागच्या सीटवर बसून पाहिलं, डिकीत डोकं घातलं. सगळं पसंत पडल्यासारखी मान हलवत तो बॉनेटपाशी आला आणि तिथं मात्र त्यानं मान तिरपी केली.

"हे काय हो बाई? गोवर आलाय की काय गाडीला?"

गाडीची मालकीण आणि ड्रायव्हर दोन्ही एकच होती. घरात सासरे तिला सूनबाई म्हणायचे आणि तेही इतक्या खणखणीत आवाजात की कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून शाळेच्या बसवाल्यापर्यंत अख्ख्या गल्लीची ती सूनबाईच झाली होती. सूनबाईनं खाली पाहिलं. सकाळच्या तिरप्या उजेडात बॉनेटवर, छतावर, दारांवर पांढरट गोल ठिपके दिसत होते, वाळलेल्या थेंबांच्या कडांचे. तिला ते नवीन नव्हते. गेले दोन महिने ती त्यांच्याकडे कानाडोळा करत होती, एवढंच.

"पाण्याचे डाग आहेत साहेब. निघतील."

"मग काढून आणा. आमचा पाहुणा विमानातून उतरून पहिल्यांदा काय बघतो, तर गाडी. पुढच्या सोमवारी परत दाखवा. स्वच्छ असेल तर काम तुमचं. नाहीतर माझ्याकडे माणसांची कमी नाही."

सूनबाईला हे काम हवं होतं. स्टँडवर उभं राहून गिऱ्हाइकाची वाट बघायची, बाई चालवते म्हटल्यावर दुसऱ्या गाडीकडे वळणाऱ्यांना पाठमोरं बघायचं, याला ती कंटाळली होती. हॉटेलचं काम म्हणजे ठरलेल्या फेऱ्या, ठरलेली वेळ आणि गाडीत बसणारा माणूस "तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?" असं विचारणार नाही. त्यासाठी डाग काढणं काही फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते डाग पाडणाऱ्याचं. तो घरातच होता, रोज बाराच्या ठोक्याला बादली घेऊन अंगणात उतरत होता, आणि नात्यानं तिचा सासरा लागत होता.

आप्पांनी, म्हणजे या सासऱ्यांनी, सगळी हयात एका कारखान्याच्या मालकाची गाडी चालवली होती. मालक दुपारी जेवायला घरी यायचा आणि वामकुक्षी घ्यायचा. तेवढ्या वेळात आप्पा पोर्चच्या सावलीत गाडी धुऊन काढायचे. पाणी तळ्याचं, इतकं मऊ की साबणाचा फेस आवरता आवरायचा नाही. धुतल्यावर गाडीला फडकं लावायचं नाही हा तिथला कायदा होता. फडक्यात धुळीचा कण अडकतो आणि रंगावर चरा उठतो, म्हणून वाऱ्यावर वाळू द्यायची. मालक उठेपर्यंत गाडी वाळलेली असायची आणि तिच्यात बघून माणसानं भांग पाडावा अशी चमकायची.

मग आप्पांचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण डोळ्यांच्या मागचा पडदाच विरला असं डॉक्टर म्हणाले, आणि चष्म्यानं, ऑपरेशननं त्यात काही फरक पडणार नव्हता. माणूस आलेला कळायचा, माणूस कोण ते आवाजावरून. स्टिअरिंग सुटलं. सूनबाईनं गाडी घेतली त्या दिवशी आप्पांनी पत्र्यावरून हात फिरवत गाडीभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "चालव तू. धुणार मी." तेव्हापासून रोज बाराला, ती जेवायला घरी आली की, आप्पांची बादली निघायची. पद्धत तीच, फडक्याशिवाय. फक्त इथं पोर्च नव्हता, रणरणतं ऊन होतं. आणि पाणी बोअरचं होतं, ज्यानं या घरातल्या प्रत्येक किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरला होता.

मॅनेजरकडून निघाली ती तडक रंगाऱ्याकडे गेली. गाड्या रंगवणारा हा गृहस्थ तिच्या ओळखीतला. त्यानं एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी चढवली, बॉनेटवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "ताई, रंगात दोष नाही. पाणी जड आहे तुमचं. थेंब उन्हात वाळतो, पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार रंगाला चिकटून बसतो. वरचे डाग व्हिनेगरनं निघतील. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, ओलं फडकं मिनिटभर ठेवायचं, ते वाळायच्या आत उचलायचं आणि धुऊन टाकायचं. काही खोल गेलेत, ते मी पॉलिशनं काढतो. पण त्याला अर्थ कधी? धुणं बदललं तर. सावलीत धुवा, एकेक भाग घ्या, लगेच टिपून कोरडा करा. शेवटचं पाणी फिल्टरचं मारा. वरून मेणाचा हात द्या. कोण धुतं गाडी? त्याला नीट सांगा."

"सासरे धुतात."

रंगाऱ्यानं हातातली पिशवी काढली. "मग मी आपलं पॉलिशच बघतो," तो म्हणाला.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा छापखान्यात कामाला होता आणि माणूस म्हणून सोन्यासारखा, म्हणजे ठोकला तर वाकणारा. तो म्हणाला, "हे बघ, बाबांना एक शब्द बोलू नकोस. त्यांना आता तेवढंच एक काम उरलंय. ते खचतील. असं काहीतरी करू की साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

सूनबाईलाही ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. सांगायचं टळत असेल तर कोणाला नको असतं?

पहिल्या दिवशी ती जेवायला घरी आलीच नाही, बाहेरच काहीतरी खाऊन घेतलं. संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली तर आप्पा भरलेली बादली शेजारी घेऊन खुर्चीत बसलेले. "उशीर झाला आज," एवढंच म्हणाले आणि तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं डोकं चालवलं. बोअरची मोटार बिघडली म्हणून सांगितलं आणि बटण बंद करून ठेवलं. आप्पा भिंतीच्या आधारानं शेजारी गेले आणि शेजारणीकडून दोन बादल्या आणल्या. शेजारणीचा बोअर यांच्यापेक्षा खोल आणि तिचं पाणी यांच्यापेक्षा जड. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणत नवरा कामावर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सूनबाईनं वेगळा मार्ग धरला. आप्पांचं धुणं झालं, ते आत जाऊन आडवे झाले, तशी ती मऊ फडकं घेऊन चवड्यांवर बाहेर आली आणि थेंब वाळायच्या आत टिपायला लागली. छत झालं, बॉनेट झालं. डाव्या दाराशी वाकली असताना मागून आवाज आला.

"कोण आहे?"

या बाईनं भर रहदारीत ट्रकवाल्यांशी भांडणं केलेली, पण आता ती नुसतीच दार टिपत राहिली.

आप्पा दोन पावलं पुढं आले. त्यांनी कान दिला. पत्र्यावरून फिरणाऱ्या फडक्याचा आवाज त्यांना अनोळखी नव्हता. "सूनबाई, तू परत पुसतेस होय माझ्या मागनं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग चाचपडत बादली उचलली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात नेऊन पालथी घातली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

चौथ्या दिवशी बाराला अंगणात कोणी उतरलं नाही. पाचव्या दिवशीही नाही. आप्पा खुर्चीत बसून राहिले, फाटकाकडे पाठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ते हात रिकामे असलेले सूनबाईनं कधी पाहिले नव्हते. दुपारभरात त्यांनी चारदा विचारलं की किती वाजले, आणि सांगितल्यावर त्यावर काहीच केलं नाही.

"झालं ना आपोआप?" नवरा स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला. "आता रंगाऱ्याकडून डाग काढून घे आणि पुढं गाडी तूच धू. त्यांना होईल सवय."

"कसली सवय? बसून राहायची?"

"मग काय करणार आहेस?"

"सांगणार आहे."

"अगं, आता कशाला? आता तर त्यांनी सोडलंय."

"मी परत का पुसत होते हे त्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय मला त्यांच्या हाताची किळस येते. अहो, हा डाग कुठल्या व्हिनेगरनं निघायचा?"

तिचं ठरलं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर ती आपणच, आणि उद्याच.

शनिवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत ती आप्पांच्या खोलीत गेली. "आप्पा, चला बाहेर. काम आहे."

"मला काय काम?"

"चला तर."

तिनं त्यांना गाडीपाशी आणलं. त्यांचा उजवा हात घेतला, त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि बॉनेटवर ठेवला. "फिरवा."

"पिशवी कशाला?"

"नुसत्या बोटांना कळत नाही ते पिशवीतनं कळतं. फिरवा, सावकाश."

आप्पांनी हात फिरवला. आधी उडवाउडवी केल्यासारखा, मग सावकाश, मग फारच सावकाश. ज्या पत्र्यावर हात घसरत जायला हवा तिथं तो पावलापावलाला अडत होता. पत्र्यावर कोणीतरी बारीक वाळू शिंपडल्यासारखं लागत होतं. त्यांनी एक ठिपका बोटानं घासून पाहिला. तो हलला नाही.

"काय आहे हे?"

"डाग. पांढरे. सगळ्या गाडीभर."

"कशानं?"

सूनबाईनं रात्रभरात दोन-तीन मऊ उत्तरं तयार करून ठेवली होती. रस्त्यावरची धूळ, कुठल्याशा कारखान्याचा धूर. त्यातलं एक तोंडाशी आलंही. पण तिनं ते गिळलं. एक घाव दोन तुकडे.

"तुमच्या धुण्यानं," ती म्हणाली. "बोअरचं पाणी जड आहे, अंगणात सावली नाही आणि तुम्ही फडकं लावत नाही. थेंब उन्हात वाळतो आणि त्यातला क्षार रंगावर बसतो. तुमच्या मालकाकडे ते बरोबर होतं. इथं चुकतंय. हॉटेलवाल्यानं गाडी परत पाठवली. सोमवारी शेवटची संधी आहे. रंगारी म्हणतो, वरचे डाग व्हिनेगरनं निघतील."

आप्पांचा हात बॉनेटच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून परत आला. आता हा माणूस रडणार, असं सूनबाईला वाटलं. पण आप्पा वळले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता.

"कधीपासून आहेत?"

"झाले दोन महिने."

"आणि दोन महिने तू गप्प बसलीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मालकानं माझ्या वाईट वाटण्याची कधी काळजी केली नाही. आरशावर बोटाचा एक ठसा राहिला होता, तर सगळ्या कामगारांसमोर ओरडला होता माझ्यावर. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. पण का ओरडला? तर हा नीट करू शकतो, तरी यानं केलं नाही, म्हणून. ज्याच्याकडून काही व्हायचंच नाही त्याच्यावर कोण ओरडतंय? गोड बोलतात ते तान्ह्या पोराशी नाहीतर मरायला टेकलेल्या माणसाशी. मी दोन्हीपैकी कोण आहे ते सांग." त्यांनी हातातली पिशवी ओढून काढली. "आणि मोटार बिघडली म्हणे. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. संध्याकाळी शॉवर कसा चालू होता मग?"

सूनबाईचे कान तापले. तिला खरोखर लाज वाटली. दोन महिने आपण या माणसाला जपतोय अशी तिची समजूत होती, आणि जपता जपता तिनं त्याला हिशोबातूनच काढून टाकलं होतं.

"चुकलं माझं, आप्पा."

"ते राहू दे बाजूला. सोमवार परवाच ना? मग उभी काय राहिलीस, आण ते व्हिनेगर."

त्यानंतर गाडी होती आणि ते दोघं होते. नवऱ्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं, वातावरण तापलेलं दिसलं, आणि तो शहाणा माणूस चहा ठेवायला आत गेला. सूनबाईनं फडकी भिजवायची, डागांवर घालायची. मिनिटभरानं आप्पांनी उचलायची, फिल्टरचं पाणी ओतायचं, हात फिरवून सांगायचं. "गेला. हाही गेला. हा नाही गेला, परत घाल." छताच्या वेळी तिचा फोन वाजला आणि ती गिऱ्हाइकाशी बोलत चार पावलं बाजूला गेली, तोवर तिकडे फडक्याची एक कड सुकायला लागली.

"सूनबाई," आप्पा कडाडले, इतके की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "फडकं वाळतंय. आम्ल रंगावर वाळवणार आहेस का? ठेव तो फोन."

तिनं फोन ठेवला. लग्न होऊन आल्यापासून आप्पा तिच्यावर कधी ओरडले नव्हते. तिला राग यायला हवा होता, पण तिनं मुकाट्यानं फडकं उचललं आणि पाणी ओतलं, आणि मनातल्या मनात तिला बरंच वाटलं.

दुपारी गाडी रंगाऱ्याकडे नेली, आप्पांनाही नेलं. खोल गेलेले डाग त्यानं मशीननं पॉलिश केले. एकेक भाग झाला की तो पिशवी पुढं करायचा आणि म्हणायचा, "बघा काका." काकांनी तीनदा नापास केलं. चौथ्यांदा पास केलं तेव्हा रंगाऱ्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि सूनबाईला हळूच म्हणाला, "ताई, तुमचा हॉटेलवाला बरा म्हणायचा."

फडक्यावरून मात्र थोडी कटकट झालीच. "फडक्यानं चरे पडतात," आप्पा म्हणाले. रंगाऱ्यानं त्यांच्या हातात एक जाड, मऊ फडकं दिलं. आप्पांनी ते गालाला लावून पाहिलं. "हे फडकं आहे की मांजराचं पिल्लू?" ते म्हणाले. घासायचं नाही, नुसतं ठेवायचं आणि टिपायचं, हे त्यांनी रंगाऱ्याकडून करून घेतलं, मग स्वतः करून पाहिलं, आणि रंगाऱ्याचंच फडकं घेऊन घरी आले.

रविवारी पहाटे अंगणात पहिल्यांदा नव्या पद्धतीनं गाडी धुतली गेली. उन्हाच्या आधी. आधी छत, ते कोरडं, मग बॉनेट, ते कोरडं. आप्पा दारांपाशी आले तेव्हा सवयीनं त्यांनी एकदम दोन्ही दारांवर पाणी ओतलं.

"एकच दार घ्यायचं होतं," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज अजून चाचरत होता.

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" आप्पा म्हणाले आणि भराभर टिपायला लागले.

सोमवारी मॅनेजरनं मान डावीकडे तिरपी केली, मग उजवीकडे. खाली वाकला. बॉनेटमध्ये त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो जरासा सुधारण्यासाठी त्यानं केसांवरून हात फिरवला. "उद्यापासून या," तो म्हणाला. "पण गाडी रोज अशीच दिसली पाहिजे. एक दिवस जरी तसली आणलीत तरी मी ठेवणार नाही."

"रोज अशीच असेल," ती म्हणाली. म्हणताना तिला ठाऊक होतं की हे वचन ती एकटीच्या जोरावर देत नव्हती.

महिनाभरानं एका सकाळी ती निघायच्या घाईत होती. विमान लवकरचं होतं, पाहुणा वाट बघत असणार. गाडी धुऊन, टिपून तयार होती. आप्पा नळाशी फडकी पिळत होते. ती गाडीला वळसा घालून आपल्या दाराकडे निघाली आणि डाव्या मागच्या दारावर, हँडलच्या खाली, तिला दोन थेंब दिसले. राहून गेलेले. ऊन अजून यायचं होतं, आणि खिशात रुमाल होता. तिचा हात आपसूक खिशाकडे गेला. दोन सेकंदांचं काम. कोणाला कळलंही नसतं.

तिनं हात मागं घेतला.

"आप्पा," तिनं हाक मारली, चांगली मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी. "हे काय धुणं म्हणायचं? डाव्या मागच्या दाराला पाणी राहिलंय. हँडलच्या खाली. दोन थेंब. असली गाडी घेऊन जाऊ का मी?"

नळ बंद झाला. आप्पा लगबगीनं आले. कपाळाला आठ्या होत्या, पण चाल अशी, की जणू मालकानं बोलावलं होतं. दारावरून त्यांनी तळहात सावकाश खाली नेला, हँडलपाशी थांबवला, तिथून बोटभर मागं नेला. टिपलं. आणखी खाली जाऊन परत टिपलं.

"दोन नव्हते, तीन होते," ते म्हणाले. "डोळे तपासून घे एकदा."